घाट ओलांडायचा की नाही, ते आदल्या रात्रीच ठरवा

प्रश्न : गेली काही वर्षं मी नियमित सायकल चालवते. दिवसाला १०० किलोमीटर सहज होतात. आता १५ दिवसांची सुट्टी मिळाली आहे आणि त्यात १२०० किलोमीटरचा प्रवास एकटीने करायचं ठरवलं आहे. आधी किनाऱ्याचा रस्ता, मग १८०० मीटर उंचीची एक खिंड आणि पलीकडे उघडं पठार. बरोबर येणारी मैत्रीण ऐनवेळी गळाली. ऋतू बदलायचे दिवस आहेत, त्यामुळे एकाच आठवड्यात ऊन, वारा, पाऊस, गारठा सगळंच लागू शकतं. ताई म्हणते, हवा सुधारल्यावर जा. पण ही सुट्टी पुन्हा मिळायची नाही. मी रोज ८० किलोमीटरचं वेळापत्रक केलंय आणि सगळे मुक्कामही आगाऊ बुक केलेत. दोन गोष्टी विचारायच्या आहेत. अशा हवेसाठी सामान काय न्यावं? आणि हवा बिघडली तर पुढे जायचं की थांबायचं, हे रस्त्यात एकटीने कसं ठरवायचं? थांबले तर हार मानल्यासारखं वाटेल, ही धास्ती आहेच.

उत्तर : सामानाचा प्रश्न सोपा आहे, त्याकडे नंतर येते. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर रस्त्यात शोधायला गेलात तर चुकीचं सापडेल. ते घरी बसून, कोरड्या कपड्यांत, पोट भरलेलं असताना लिहून ठेवायचं असतं.

आधी वेळापत्रक. १२०० भागिले १५ म्हणजे ८०. गणित चोख आहे, पण त्यात हवेच्या नावावर एकही दिवस टाकलेला नाही. पहिल्या आठवड्यात पावसाने एक दिवस खाल्ला की दुसऱ्या दिवशी १६० किलोमीटर मारायचे, नाहीतर पुढची सगळी बुकिंग गडगडणार. अशा सकाळी माणूस आभाळाकडे बघतच नाही, मोबाइलमधल्या तक्त्याकडे बघतो आणि निघतो. माझ्याकडे येणाऱ्या पत्रांतले बाके प्रसंग बहुतेक एकाच वाक्याने सुरू होतात : ‘त्या दिवशी तिथे पोचणं भागच होतं.’

तेव्हा अंतर कापा. ११ दिवस सायकल, रोज सरासरी ८०, म्हणजे ८८० किलोमीटर. एक दिवस ठरवून आराम. उरलेले तीन दिवस हवेचे, तिने मागितले तर द्यायचे. तिने मागितलेच नाहीत तर पठारावर आणखी भटका, कोण अडवतंय? ३२० किलोमीटर कुठून कमी करायचे हे तुम्ही ठरवा, पण खिंडीच्या अलीकडे आणि पलीकडे सायकल घेऊन बस किंवा रेल्वे पकडता येईल अशी एकेक जागा नकाशावर आजच खूण करून ठेवा. बुकिंग पहिल्या तीन रात्रींचं राहू द्या. पुढचं सोडा किंवा रद्द करता येईल अशा प्रकारात बदलून घ्या. खिंडीच्या पायथ्याच्या गावात मात्र लागोपाठ दोन रात्री धरून ठेवा. दुसरी रात्र वाया गेली तरी चालेल. ती जागा हातात असली की सकाळी खिडकीबाहेर काय दिसतंय ते नीट दिसतं.

आता वारा. पावसाला सगळे घाबरतात, पण दिवस खातो तो वारा. सपाट रस्त्यावर तुम्ही ताशी २० किलोमीटरने चालला आहात आणि हवा पडलेली आहे, तर अंगावर येणारी हवा २०च्याच वेगाची. समोरून २०चा वारा सुटला की ती ४०ची झाली. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो, म्हणजे तो इथे थेट चौपट झाला. पायांत तेवढाच जोर असेल तर वेग १०-११ वर येतो. ८० किलोमीटरचे चार तास पाहता पाहता साडेसात-आठ होतात, वर थांबे वेगळेच. दुपारनंतर वारा पाठीवर येईल आणि सगळं भरून निघेल, असंही वाटत असतं. हिशोब करून बघा. ४० किलोमीटर १०च्या वेगाने, म्हणजे चार तास, आणि उरलेले ४० किलोमीटर ३०च्या वेगाने, म्हणजे एक तास वीस मिनिटं. एकूण पाच तास वीस मिनिटं. वारा नसता तर चार लागले असते. उलट्या वाऱ्यात गेलेला वेळ पाठीवरचा वारा कधीच पुरता परत करत नाही.

म्हणून दिवस किलोमीटरमध्ये मोजू नका, तासांत मोजा. सहा तास पेडल मारायचं. त्यात ज्या गावी पोचाल, तो मुक्काम. वारा मदतीला आला तर ते गाव १२० किलोमीटरच्याही पुढे असेल, विरोधात गेला तर ६०वर. आणि निघण्याआधी त्या भागात त्या दिवसांत वारा बहुधा कुठून वाहतो ते बघा. किनाऱ्याकडून पठाराकडे जाण्याऐवजी पठारावरून किनाऱ्याकडे येणं सोयीचं ठरत असेल, तर मार्ग सरळ उलटा करा. त्याने कोणाचंही काही बिघडत नाही.

आडव्या वाऱ्याबद्दल कोणी फारसं सांगत नाही. दोन्ही बाजूंना पॅनियर, म्हणजे चाकाशेजारी लटकवायच्या सामानाच्या पिशव्या, लावलेली सायकल आडवा झोत सगळ्या अंगाने घेते. उघड्या पुलावर, किंवा कडा संपून दरी उघडते तिथे, तो अचानक लागतो. मोठा ट्रक शेजारून जातो तेव्हा क्षणभर वारा तुटतो, तुम्ही सवयीने वाऱ्याकडे झुकलेल्या असता, आणि सायकल ट्रककडे खेचली जाते. ट्रक पुढे सरकला की वारा पुन्हा थप्पड मारतो. दोन्ही धक्के येणार हे माहीत असलं की हँडल घट्ट आवळलं जात नाही. कोपर सैल ठेवायचं, वेग उतरवायचा आणि रस्त्याच्या अगदी कडेला न जाता एक हात जागा सोडून चालायचं.

वाऱ्याचा अंदाज घ्यायला यंत्र लागत नाही. १८०५ साली ब्रिटिश नौदलातल्या फ्रान्सिस बोफर्टने वाऱ्याची प्रतवारी मांडली. पुढे तिला जमिनीवरच्या खुणा जोडल्या गेल्या, आणि त्या सायकलस्वाराला आजही उपयोगी पडतात. पानांनी भरलेली लहान झाडं डोलायला लागली, तर वारा ताशी २९ ते ३८ किलोमीटर. मोठ्या फांद्या हलू लागल्या, तारा शीळ घालू लागल्या आणि छत्री आवरेना, तर ३९ ते ४९. झाडंच्या झाडं हलतात आणि समोर चालणं जड जातं, तेव्हा ५०च्या पुढे. सामान लादलेल्या सायकलसाठी, उघड्या रस्त्यावर आणि वारा आडवा असताना, माझी रेघ तारांच्या शिळेवर आहे. तारा वाजायला लागल्या की मी आडोसा शोधते.

हवामानाचा अंदाज पहिल्या तीन दिवसांचा मनावर घ्या, त्यापुढचा फक्त कल म्हणून बघा. ढगाचं चित्र पाहून समाधान मानू नका, तासवार तक्ता उघडा आणि त्यात झोतांचा वेगळा आकडा असतो तो वाचा. वारा २५ आणि झोत ५५ असेल तर तुमच्यासाठी तो दिवस ५५चाच. अंदाज संध्याकाळी एकदा आणि सकाळी एकदा बघितला की पुरे. दर अर्ध्या तासाने बघणाऱ्याला हवा कळत नाही, नुसती धडधड वाढते.

मधल्या वेळात डोळे वापरा. उंचावर पिसांसारखे पातळ ढग येतात, मग सूर्याभोवती किंवा चंद्राभोवती खळं दिसतं, मग ढगांची चादर जाड होत खाली उतरते. या क्रमाने आलेला पाऊस अर्ध्या-एका दिवसाची सवड देऊन येतो आणि आला की रेंगाळतो. दुसरा प्रकार दुपारचा. सकाळ लख्ख, अकराच्या सुमारास ढग उभे वाढू लागतात, माथा ऐरणीसारखा पसरतो, तळ काळा पडतो. मग उकाड्यातच एकाएकी थंडगार वारा अंगावर येतो. त्या वाऱ्याने बरं वाटतं, आणि तीच फसगत आहे. तो वादळाच्या पोटातून खाली कोसळून पुढे पसरलेला वारा असतो. तो लागला की हातात मिनिटं असतात, तास नसतात.

तुमच्या सायकल कॉम्प्युटरमध्ये हवेच्या दाबावर चालणारा उंचीमापक असेल, तर त्याचा एक छुपा उपयोग सांगते. रात्री झोपताना दाखवलेली उंची लिहून ठेवा आणि सकाळी पुन्हा बघा. सायकल हललेली नाही, तरी उंची ४०-५० मीटरने वाढलेली दिसली, तर रात्रीत दाब ५-६ हेक्टोपास्कलने घसरला आहे. कारण कमी दाब म्हणजे जास्त उंची, एवढंच त्या यंत्राला कळतं. अशी घसरण म्हणजे हवा बिघडण्याच्या वाटेवर आहे. उंची कमी दिसली तर बहुधा सुधारते आहे. पाच-दहा मीटरचा फरक सोडून द्या.

वीज. ती चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा, तिनाने भागा, ती तितके किलोमीटर दूर आहे. ३० सेकंदांच्या आत आवाज आला तर ती १० किलोमीटरच्या आत आहे आणि तुम्ही पक्क्या इमारतीत किंवा बंद पत्र्याच्या गाडीत असायला हवं. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तिथेच बसायचं. रबरी टायर वाचवतात हा समज डोक्यातून काढून टाका. एकट्या झाडाखाली, कुंपणाच्या तारांजवळ, माथ्यावर थांबायचं नाही. खिंडीच्या रस्त्यावर इमारत कुठली मिळणार? म्हणूनच खिंड दुपारच्या आत ओलांडायची. तशीही पहाट सायकलस्वाराची. किनाऱ्यावरचा समुद्री वारा ऊन चढल्यावर जोर धरतो, दरीतला वाराही दिवसा तापल्यावर सुटतो, आणि वादळी ढग दुपारी मोठे होतात. उजाडताना निघालात तर दिवसाचं निम्मं काम शांत हवेत होतं.

आता ज्याची मला खरी काळजी वाटते त्याबद्दल. कडाक्याच्या थंडीत माणूस सावध असतो. घात करते ती मधलीच हवा : दहा-बारा अंश, रिमझिम आणि वारा. समजा पायथ्याचं गाव २०० मीटरवर आहे आणि तिथे १६ अंश आहेत. दर हजार मीटरला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं, म्हणजे खिंडीत सहाच्या आसपास. चढताना तुम्हाला ते जाणवणारही नाही, कारण तीन तास चढून तुम्ही आतून भट्टी झालेल्या असता आणि रेनकोटच्या आत घामाने चिंब. मग उतार सुरू होतो. पाय थांबतात, शरीरात तयार होणारी उष्णता एकदम घटते, आणि अंगावर ४०च्या वेगाने हवा येते. सहा अंशांत ४०चा वारा कोरड्या त्वचेला शून्याच्या आसपास वाटतो. तुमची त्वचा कोरडी नाही, आणि पाणी अंगातली उष्णता हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने ओढून नेतं.

त्यामुळे माथ्यावर काय करायचं ते आत्ताच ठरवा. फोटो नंतर. माथ्याच्या अलीकडे जिथे वारा अडतो, अशा भिंतीमागे किंवा कड्याच्या कुशीत थांबा. अंग अजून गरम आहे तोवरच घामाने भिजलेला आतला थर काढा, कोरडा घाला, वर गरम थर, त्यावर रेनकोट गळ्यापर्यंत बंद. कोरडे हातमोजे. मग काहीतरी खा, भूक असो नसो. थंडी वाजायला लागल्यावर हे सगळं करू म्हणाल, तर तेव्हा बोटांना झिप सरकवता येत नाही. अंगठा त्याच हाताच्या करंगळीला टेकतो का, ही सोपी परीक्षा आहे. टेकत नसेल तर त्या हाताने ब्रेकही धड दाबला जाणार नाही. उतारावर दर काही मिनिटांनी थांबा, हात झाडा, परीक्षा घ्या.

ब्रेक रिमवर दाबणारे असतील तर ओल्यात पहिला दाब नुसतं पाणी पुसण्यात जातो. सायकल थांबतच नाही असं वाटतं आणि मग एकदम पकड येते. वळणाच्या बऱ्याच आधी ब्रेक हलके लावून रिम पुसून घ्या. डिस्क ब्रेक यात बरेच भरवशाचे. कसेही असोत, घाटातला ओला, रेतीमिश्रित एक दिवस ब्रेक पॅडचं महिन्याभराचं आयुष्य खाऊ शकतो. उतरताना करकर आवाज येत असेल तर खडे अडकले आहेत, थांबून काढा. संध्याकाळी पॅडची जाडी बघायची आणि एक जादा जोडी जवळ ठेवायची. रस्त्यावरचे रंगवलेले पट्टे, लोखंडी झाकणं, पुलांचे सांधे ओल्यात निसरडे होतात. त्यांच्यावरून जाताना ना वळायचं ना ब्रेक दाबायचा. रूळ काटकोनात ओलांडायचे. खूप दिवसांनी पाऊस पडत असेल तर पहिली काही मिनिटं सर्वांत वाईट, कारण रस्त्यावरचं तेल तेव्हाच वर येतं.

शरीराचं तापमान ३५ अंशांच्या खाली गेलं की डोकं काम करेनासं होतं, आणि गंमत अशी की ते ज्याला कळायला हवं तेच डोकं बिघडलेलं असतं. बरोबर कोणी असेल तर तो म्हणतो, ‘अगं, तू अडखळतेयस, थांब.’ तुम्हाला हे कोणी सांगणार नाही. म्हणून थंडी वाजायला लागली की मोठ्याने बोला. ताईचा फोन नंबर एकेक आकडा उलट्या क्रमाने म्हणा. जीभ अडखळली, आकडे हरवले, विनाकारण चिडचिड झाली, किंवा ‘जाऊ दे, आता कशाला थांबायचं’ अशी बेफिकिरी वाटायला लागली, तर तीच खूण. पहिला आडोसा मिळेल तिथे आत जा, ओले कपडे उतरवा, कोरडे चढवा, गोड आणि गरम काही प्या. दारू अजिबात नको, तिने गरम वाटतं आणि उष्णता बाहेर पडते. अंग गरम न होताच कुडकुडणं बंद झालं तर ती सुधारणा समजू नका. ती आणीबाणी आहे, मदत मागवा.

पठारावर कदाचित याच्या नेमकं उलट होईल. उन्हात तासाला अर्धा ते एक लिटर घाम सहज जातो, दमट हवेत त्याहून जास्त. नुसतं पाणी ढोसत राहिलात तर रक्तातलं मीठ पातळ होतं आणि मळमळ, डोकेदुखी सुरू होते. लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाचा चमचा, एवढं जमवता येतं. भर दुपारचे तीन तास सावलीत काढा. बोलण्यात गोंधळ आणि अंग भाजल्यासारखं गरम, हे उष्माघाताचं लक्षण. अंगावर पाणी ओता, वारा घ्या आणि तेव्हाही मदत मागवा.

आता सामान. तुमची यादी पाहिलेली नाही, पण लांब असणार याची खात्री आहे. १८८४ साली टॉमस स्टीव्हन्स नावाचा गडी पुढचं चाक भलंमोठं असलेल्या सायकलवर सॅन फ्रान्सिस्कोहून निघाला आणि डिसेंबर १८८६मध्ये योकोहामाला पोचला. सायकलवरून पृथ्वीप्रदक्षिणा करणारा तो पहिला. त्याच्याजवळ मोजे, एक जादा शर्ट, पिस्तूल आणि एक रेनकोट होता. तंबूही तोच, अंथरूणही तोच. तुम्ही इतकं टोक गाठू नका. पण तुमच्या हारजितीच्या प्रश्नाशी त्याचा एक संबंध आहे. अमेरिका ओलांडून झाल्यावर १८८४चा सगळा हिवाळा तो न्यूयॉर्कमध्ये थांबला आणि पुढच्या एप्रिलमध्ये जहाजाने निघाला. तो हिवाळा त्याच्या प्रदक्षिणेतून कोणी वजा केलेला नाही.

सुती कपडा एकही नको. भिजला की भिजलेलाच राहतो. लोकर किंवा पॉलिस्टर घ्या. रेनकोटमध्ये कोरडं राहण्याची आशा सोडा, चढावर तुम्ही आतून भिजणारच. ओलं असलं तरी उबदार राहायचं, एवढंच त्याच्याकडून मागा, आणि काखेत झिप असलेला मिळाला तर तो घ्या. झोपायच्या कपड्यांचा एक संच मात्र सोवळ्यातला. तो सायकलवर घालायचा नाही, म्हणजे नाही. सकाळी ओले कपडे पुन्हा अंगावर चढवताना जिवावर येतं. पहिली दहा मिनिटं नकोशी जातात, मग अंग तापतं. पण कोरडे घालून निघालात आणि तासाभरात पाऊस आला, तर रात्री कोरडं काहीच उरत नाही. माथ्यावर बदलायचा थर वेगळा, तोही गणतीत धरा.

मडगार्ड लावा, पुढे-मागे दोन्ही. दिसायला बरं दिसत नाही म्हणून काढणाऱ्यांना मी समजावणं सोडून दिलंय. रस्त्यावरचं चाकाने उडवलेलं पाणी पाऊस थांबल्यावरही तासभर तुमच्या पायांवर आणि पाठीवर येत राहतं. लोकरी हातमोज्यांवर भांडी घासायचे सैल रबरी मोजे चढतात आणि महागड्या मोज्यांपेक्षा मला ते बरे वाटतात. बुटांत रात्री वर्तमानपत्राचे बोळे. पॅनियर जलरोधक म्हणून विकलेले असले तरी आत जाड प्लास्टिकची पिशवी. ओल्या दिवसानंतर चेन पुसून तेल द्यायचं, नाहीतर सकाळी ती गंजाने तांबूस झालेली दिसेल. मागचा दिवा पावसात दिवसाही चालू. फोनचा पडदा ओल्या बोटांना दाद देत नाही आणि गारठ्यात बॅटरी भरभर उतरते, म्हणून तो आतल्या खिशात, आणि महत्त्वाचे नंबर कागदावर, प्लास्टिकमध्ये.

आता त्या लिहून ठेवायच्या उत्तराकडे. एक पोस्टकार्डाएवढा कागद घ्या. खिंडीच्या दिवसासाठी अटी लिहा, आकड्यांत. माझ्या मते अशा : झोतांचा अंदाज ५०च्या वर असेल तर निघायचं नाही. दुपारच्या आत विजांचा इशारा असेल तर निघायचं नाही. बारा वाजता माथ्यावर नसेन तर जिथे असेन तिथून मागे फिरायचं. कोरडा थर शिल्लक नसेल तर निघायचं नाही. तुमचे आकडे थोडे वेगळे असू शकतात, पण ते आकडेच हवेत. ‘हवा फारच वाईट असेल तर’ असं लिहिलंत तर चढावर प्रत्येक वेळी ‘इतकी काही वाईट नाही’ हेच उत्तर येईल.

या कागदाचा फोटो ताईला पाठवा. ती तुमच्या विरोधात आहे असं तुम्हाला वाटतंय, पण गळालेल्या मैत्रिणीची जागा भरायला तिच्याइतकं योग्य कोणी नाही. तिने जा-नको-जाऊ यात पडायचं नाही. खिंडीच्या दिवशी सकाळी फोन करून कागदावरचे प्रश्न ओळीने विचारायचे : झोत किती दाखवतोय? विजांचा इशारा? कोरडे कपडे आहेत? उत्तरं तुम्हीच द्यायची, मोठ्याने. एकही अट मोडली, तर त्या दिवशी तुम्ही पायथ्याच्या गावात, त्या धरून ठेवलेल्या दुसऱ्या रात्रीच्या खोलीत.

रोजची वेळही तिच्याशी ठरवा. मुक्कामी पोचल्यावर निरोप. ठरल्या वेळेनंतर दोन तास निरोप नसेल तर तिने आधी मुक्कामाच्या जागी फोन करायचा, मग आदल्या मुक्कामाला, आणि तिथेही पत्ता नसेल तर त्या भागातल्या आपत्कालीन सेवेला, तुमचा त्या दिवसाचा रस्ता सांगून. हे दोन तास रेंज नसलेल्या पट्ट्यांसाठी आहेत, ते कमी करू नका. चालत्या नकाशावर तुमचा ठिपका दिवसभर दिसण्याची सोय देऊ नका असं मी सुचवेन. तुम्ही अर्धा तास कुठे खायला थांबलात की तिकडे घरात फोनाफोनी सुरू होते.

राहता राहिलं एक काम, आणि ते निघण्याआधीचं आहे. पहिला पाऊस पडेल त्या शनिवारी सगळं सामान लादून ५०-६० किलोमीटर जा, रात्र बाहेर काढा आणि रविवारी ओल्या कपड्यांत परत या. वाटेत एकदा मुद्दाम थांबून, पाऊस चालू असताना, मागच्या चाकाची ट्यूब बदला. बोटं गार पडली की टायर रिमवरून किती हट्टाने निघतो ते तेव्हा कळेल, आणि कुठलं लिव्हर बॅगेच्या तळाशी ठेवणं चुकीचं आहे तेही. घरी आल्यावर पॅनियर रिकामे करताना प्रत्येकाच्या तळाला कोरडा कागद टेकवून बघा. ज्याचा कागद ओला होईल तो निघण्याआधी दुरुस्त करून घ्या, आणि झोपायचे कपडे दुसऱ्यात ठेवा.